ताईचा मेल वाळीत पडला!

मंगळवारी दुपारी ताईला मेल आला. पुण्यातल्या एका कंपनीनं तिला मुलाखतीसाठी निवडलं होतं. मेलमध्ये दोनच अटी होत्या. चोवीस तासांत होकार कळवा, आणि तो कॉलेजच्या ईमेल आयडीवरूनच कळवा. ताईनं दहा मिनिटांत कळवला. मग ड्रेसला इस्त्री झाली, आरशासमोर 'टेल मी अबाउट युवरसेल्फ'ची प्रॅक्टिस झाली. काकूनं देवापुढं साखर ठेवली.

बुधवारी मुलाखतीची लिंक येणार होती. आली नाही. गुरुवारीही नाही. 'फोन करू का?' असं ती मला चार वेळा म्हणाली आणि चारही वेळा 'नको, उतावळी वाटेन' म्हणून गप्प बसली. अकराव्या दिवशी कंपनीतून एका मॅडमचा फोन आला. 'अहो, तुमचं उत्तर आत्ता दिसलं. आमच्याकडे ते जंक फोल्डरमध्ये पडलं होतं. सॉरी, जागा भरली.'

ही माझी चुलतबहीण. आम्ही इनामगावचे. शिरूर तालुक्यातलं, घोड नदीच्या काठचं, चारी बाजूंनी उसानं वेढलेलं आमचं गाव. ताईचं कॉलेज तालुक्याच्या पट्ट्यातलंच, साधंसं. तिचं काहीही चुकलं नव्हतं. मेलमध्ये ना लिंक होती, ना अटॅचमेंट, ना 'काँग्रॅच्युलेशन्स, यू हॅव वन'. तीन ओळींचा सभ्य होकार होता. मग तो कचऱ्यात का गेला?

कॉलेजातल्या कॉम्प्युटरच्या सरांनी शोध घेतला तेव्हा लोचा कळला. कॉलेजची वेबसाइट आणि मेल एका स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर आहेत. म्हणजे एकाच सर्व्हरवर, एकाच आयपी ॲड्रेसवर, इतरही बऱ्याच जणांच्या वेबसाइट्स भाड्यानं राहतात. त्यातली कुणाची तरी साइट हॅक झाली आणि तिच्यातून हजारोंनी फालतू मेल सुटले. लोकांनी तक्रारी केल्या. तो आयपी ॲड्रेस दोन ब्लॉकलिस्टमध्ये गेला. आणि त्या पत्त्यावर राहणारे सगळेच, आमच्या ताईसकट, 'स्पॅमवाले' ठरले.

हे मी घरी आजीला समजावून सांगत होते. सर्व्हर, आयपी वगैरे शब्द गाळून. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजी वाळीतच टाकलं की गं पोरीला! कुनी टाकलं? काय केलं हुतं तिनं?"

या दोन प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे नव्हती. कॉलेजकडेही नव्हती. म्हणून आज हा विषय.

यादी आली कुठून?

आधी एक गोष्ट कबूल करू. याद्या काही कुणी दुष्टपणानं केलेल्या नाहीत. ३ मे १९७८ला अमेरिकेत गॅरी थ्युर्क नावाच्या सेल्समननं आपल्या कंपनीच्या नव्या कॉम्प्युटरची जाहिरात अर्पानेटवरच्या सुमारे चारशे जणांना एकदम पाठवली. इंटरनेटच्या आधीच्या त्या छोट्याशा नेटवर्कवर तो पहिला स्पॅम समजला जातो. पुढे इंटरनेट वाढलं, मेल पाठवणं जवळजवळ फुकट झालं आणि सगळ्यांच्या इनबॉक्समध्ये कचरा साचायला लागला. आजही जगात जाणाऱ्या ईमेलपैकी निम्म्याच्या आसपास स्पॅम असतात, असे अंदाज आहेत.

यावर १९९७ साली पॉल व्हिक्सी या इंजिनिअरनं एक साधा उपाय सुरू केला. जिथून स्पॅम येतो त्या पत्त्यांची यादी करायची आणि ती सगळ्यांना वापरू द्यायची. तुमच्याकडे मेल आला की तुमचा सर्व्हर यादीला विचारतो, 'हा पत्ता तुझ्याकडे आहे का?' उत्तर आलंच नाही तर पत्ता स्वच्छ. '१२७.०.०.२' असं काहीतरी उत्तर आलं तर पत्ता काळ्या यादीत. पुढच्याच वर्षी, १९९८ला, स्टीव्ह लिनफर्डनं 'स्पॅमहाउस' सुरू केलं आणि ज्युलियन हेटनं 'स्पॅमकॉप'. स्पॅमकॉपमध्ये तर सामान्य लोकच तक्रारी पाठवतात आणि त्या तक्रारींवरून यादी बनते.

त्याच वर्षी विपुल वेद प्रकाश या आपल्याकडच्या पोरानं 'विपुल्स रेझर' बनवलं. एकानं एखादा मेल 'हा स्पॅम आहे' म्हणून कळवला की त्या मेलचा जणू अंगठ्याचा ठसा घेतला जाई. तोच ठसा दुसऱ्याकडे पोचला की त्याला आधीच इशारा मिळे. 'मला ठेच लागली, तू सांभाळ' असा सरळ शेजारधर्म. यातूनच पुढे 'क्लाउडमार्क' ही कंपनी उभी राहिली.

कल्पना भारीच आहे. गावात नाही का, एखादा दुकानदार वजनात मारतो हे एकाला कळलं की संध्याकाळपर्यंत पारावर सगळ्यांना कळतं! सगळ्यांनी मिळून सगळ्यांना वाचवायचं. आज तुमच्या-माझ्या इनबॉक्समध्ये 'घरबसल्या महिना पन्नास हजार, फक्त रजिस्ट्रेशन फी भरा' असले मेल कमी दिसतात, त्याचं बरंचसं श्रेय या मंडळींना आहे. नोकरी शोधणाऱ्या पोरांना फसवणारे मेल अडवले गेलेच पाहिजेत.

गोची पुढे आहे. पारावरच्या गप्पांचं रूपांतर निकालात होतं आणि निकालाविरुद्ध बोलायला जागाच नसते, तिथून.

शेजारी चोर, म्हणून तूही चोर

पहिला खड्डा ताईला लागला तोच. यादीत माणसाचं नाव नसतं, पत्ता असतो. आणि पत्ता एकट्याचा नसतो.

इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते जगात मिळून सुमारे ४३० कोटीच आहेत. माणसं त्याहून जास्त, आणि एकेका माणसाकडे दोन-दोन, तीन-तीन डिव्हाइस. त्यामुळे पत्ते वाटून घ्यावे लागतात. मोबाइल डेटावर तुम्ही आत्ता जो पत्ता वापरताय, तोच या क्षणी अनोळखी अशा कितीतरी जणांच्या नावावर चालू असतो. श्रीमंत कंपनी स्वतःचा वेगळा पत्ता विकत घेते. तालुक्याचं कॉलेज, बचत गटाचं दुकान, नवखा स्टार्टअप हे सगळे चाळीत राहतात. चाळीतल्या एका खोलीत जुगार सापडला म्हणून अख्ख्या चाळीचं पाणी तोडण्यातला हा प्रकार आहे.

हे किती टोकाला जाऊ शकतं याचा एक किस्सा आहे. मेलचा नाही, पण तर्क तोच. २००६ सरता सरता विकिपीडियावर कुणीतरी एका पत्त्यावरून सतत खोडसाळपणा करत होतं, म्हणून तो पत्ता ब्लॉक केला. नंतर कळलं, की कतार देशातली जवळजवळ सगळी इंटरनेट वाहतूक त्या एकाच पत्त्यावरून जाते. एका खोडकरासाठी अख्खा देश दाराबाहेर! चूक लक्षात आली आणि ब्लॉक लगेच उठला. देश होता म्हणून बातमी झाली. ताईच्या कॉलेजसाठी कोण बातमी करणार?

एकाच्या करणीसाठी सगळ्यांचं नाव यादीत घालण्याचं काय होतं, हे महाराष्ट्राला कुणी शिकवायला नको. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्या यादीतल्या घरात जन्मलेलं मूल जन्मतःच गुन्हेगार ठरायचं. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड अशा माणसांची वसाहत होती. देश स्वतंत्र झाल्यावरही ही माणसं सुटायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडला. नाव यादीतून निघालं, तरी पारधी समाजाच्या पोराकडे बघण्याची नजर बदलली का, हे आपल्या तालुक्यात कुणालाही विचारा.

एक अडकलेला मेल आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा छळ यांची बरोबरी मी करत नाहीये. कुणी करूही नये. सांगायचं एवढंच आहे, की 'हा त्या वस्तीतला, म्हणजे असलाच असणार' ही विचाराची सवय माणसांनी कॉम्प्युटरला शिकवली. कॉम्प्युटर ती सवय न थकता, न लाजता राबवतो.

बटण दाबणारे आपणच

दुसरा खड्डा आपला स्वतःचा आहे. 'लोकांनी बनवलेली यादी' म्हणतो तेव्हा ते लोक कोण? तुम्ही आणि मी.

खरं सांगा, 'रिपोर्ट स्पॅम' कधी दाबता? फसवणुकीचा मेल आला तेव्हाच? की कॉलेजच्या लायब्ररीचा 'पुस्तक परत करा' हा तिसरा मेल आला तेव्हाही? मी दाबलंय. मागच्या वर्षी एका नाट्यस्पर्धेच्या ग्रुपचे मेल मीच हौसेनं सुरू करून घेतले होते. कंटाळा आला तेव्हा 'अनसबस्क्राइब' शोधत बसण्यापेक्षा स्पॅमचं बटण समोर दिसलं. दाबून मोकळी झाले. माझ्या लेखी तो कंटाळा होता. यंत्राच्या लेखी ती साक्ष होती.

आता त्या साक्षीची किंमत बघा. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. गूगलचं म्हणणं असं, की तुमच्या मेलविरुद्धच्या स्पॅम तक्रारी ०.१ टक्क्याच्या खाली ठेवा आणि ०.३ टक्क्यापर्यंत कधीच जाऊ देऊ नका. ०.३ टक्के म्हणजे हजारात तीन! कॉलेजनं तीन हजार मुलांना परीक्षेच्या फॉर्मचा मेल पाठवला आणि त्यातल्या नऊ जणांनी वैतागून बटण दाबलं, की कॉलेज धोक्याच्या रेषेवर. ते नऊ जण वाईट नसतात. त्यांना फक्त झोप आलेली असते.

आमच्या काकांची उसाच्या रोपांची नर्सरी आहे. लागणीच्या हंगामात ते ओळखीच्या शेतकऱ्यांना फोन करतात, 'रोपं तयार आहेत, कधी नेताय?' कुणीकुणी वैतागून कॉलर आयडीच्या ॲपवर 'स्पॅम' दाबलं. आता काकांचा फोन आला की समोरच्याच्या स्क्रीनवर लाल पट्टी दिसते. बरं, काका जुनेच, रोपंही चांगलीच. फक्त लोक फोन उचलत नाहीत. कुणाकुणाला जाऊन समजावणार?

आणि हे झालं नकळत. ठरवून केलं तर? एखाद्या संघटनेचे, एखाद्या छोट्या वृत्तपत्राचे, प्रतिस्पर्धी क्लासचे मेल बंद पाडायचे असतील तर पाचपन्नास जण जमवून बटण दाबायला कितीसा वेळ लागतो? उलटा धंदाही चालतो. स्पॅम पाठवणारेच खोटी खाती उघडून आपल्याच मेलना 'नॉट स्पॅम' असं मत देतात. कॉलेजच्या निवडणुकीतलं बोगस मतदान आणि हे, यात फार फरक नाही.

क्लाउडमार्कनं यावर तक्रार करणाऱ्याचीच पत मोजायचा उपाय काढला. तुमच्या तक्रारी खऱ्या निघाल्या तर तुमच्या शब्दाला वजन, खोट्या निघाल्या तर वजन कमी. हुशार उपाय आहे. बोगस मतदान त्यानं आटोक्यात येतं. पण 'खरी तक्रार' म्हणजे काय, तर बाकीच्यांशी जुळणारी. सगळं गाव एक म्हणत असताना 'अरे, तो तसा नाहीये' म्हणणाऱ्या पहिल्या माणसाची पत इथंही कमीच भरणार.

पाटलाचे पाय शाबूत

इथं माझ्या गावची जुनी गोष्ट आठवते. इनामगावचं नाव तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचलं असेल. १९६८ ते १९८३ अशी बरीच वर्षं डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी इथं उत्खनन केलं आणि तीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव जमिनीखालून वर आलं. तिथं मोठ्या माणसांना पुरताना घोट्याखाली पाय तोडलेले सापडले. अभ्यासकांचा तर्क असा, की मेलेला माणूस भूत होऊन चालत जाऊ नये, या भीतीनं ते करत असावेत. पण एक माणूस वेगळा सापडला. गावाच्या मधोमध असलेल्या पाच खोल्यांच्या मोठ्या घराच्या अंगणात, चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात, मांडी घालून बसवलेला. घराला लागून धान्याचं कोठार. त्याचे पाय मात्र शाबूत. तो गावचा प्रमुख असावा असं मानतात.

भीती सगळ्या गावाची होती, पण तोडायचे पाय साध्या माणसांचे. पाटलाच्या भुताला कोण अडवणार?

मेलच्या याद्यांचंही असंच आहे. मोठ्या मेल कंपन्यांच्या सर्व्हरवरूनही रोज ढिगानं स्पॅम सुटतो. पण त्यांचा पत्ता पूर्ण अडवला तर निम्म्या जगाचं टपाल थांबेल, म्हणून त्यांच्यावर हात टाकताना शंभरदा विचार होतो. छोट्या सर्व्हरला मात्र एका दिवसात बाहेर काढलं जातं. नव्या सर्व्हरचे तर आणखी हाल. त्याचा इतिहासच नाही, म्हणजे पतच नाही, म्हणजे आधीच संशय. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

याचा परिणाम काय होतो? छोटी कॉलेजं, संस्था, दुकानं कंटाळून आपला स्वतःचा मेल बंद करतात आणि मोठ्या कंपन्यांच्या वाड्यात भाडेकरू होतात. कचरा अडवायला काढलेली यादी शेवटी मोठ्यांनाच आणखी मोठं करते.

यादीवाल्याला कोण विचारणार?

तिसरा खड्डा सगळ्यात खोल. यादी सांभाळणाराच चुकला तर?

ऑगस्ट २००३मध्ये 'ओसिरुसॉफ्ट' नावाच्या यादीवर हल्ले सुरू झाले. वैतागून यादीच्या मालकानं दुकान बंद केलं आणि जाताजाता सगळ्या जगाचे पत्ते काळ्या यादीत टाकले. जे सर्व्हर डोळे झाकून या यादीवर विसंबले होते, त्यांनी येणारा प्रत्येक मेल परत पाठवला. २००८च्या मार्चमध्ये 'ओआरडीबी' या आधीच बंद पडलेल्या यादीनं हाच प्रकार केला, का तर अजून आपल्याला विचारत बसलेल्यांनी आता तरी थांबावं.

आणि ३१ जानेवारी २०२१ला तर कमाल झाली. स्पॅमकॉपच्या डोमेनची मुदत संपली आणि नूतनीकरण राहून गेलं! आपला रिचार्ज संपतो ना, तसंच. डोमेन भलत्याच पानाकडे वळलं आणि 'हा पत्ता यादीत आहे का?' या प्रत्येक प्रश्नाला उत्तर यायला लागलं. वर सांगितलंय, उत्तर आलं म्हणजे पत्ता काळा. झालं, स्पॅमकॉपवर विसंबलेल्या सर्व्हरांच्या लेखी अख्खं जग स्पॅमर. तेव्हा स्पॅमकॉपची मालकी सिस्कोकडे होती, नेटवर्कच्या धंद्यातल्या सगळ्यात मोठ्या नावांपैकी एकाकडे.

बरं, कोर्टात जावं? अमेरिकेतल्या 'ई३६०' या मार्केटिंग कंपनीनं स्पॅमहाउसवर खटला भरला. २००६ साली कोर्टानं तिला एक कोटी सतरा लाख डॉलर भरपाई मंजूर केली. अपिलं होत होत २०११ साली ती रक्कम झाली तीन डॉलर. हो, तीन. यात कंपनी साधी होती असं मी म्हणत नाही. पण ज्यांच्याकडे वकील आणि पाच वर्षं आहेत त्यांची ही गत, तर तालुक्याच्या कॉलेजनं कुठं जायचं?

यादीवाल्यांची बाजूही ऐकायला हवी. २०१३च्या मार्चमध्ये सायबरबंकर या होस्टिंग कंपनीला यादीत घातल्यावर स्पॅमहाउसवर तोवरच्या सगळ्यात मोठ्या हल्ल्यांपैकी एक झाला. सेकंदाला ३०० गिगाबिटपर्यंत बोगस वाहतूक त्यांच्यावर सोडली गेली. खरे स्पॅमर गुंड असतात. यादीवाले आपली कार्यपद्धती झाकून ठेवतात ती काही अंशी या भीतीनं. हे मान्य. पण झाकलेल्या दाराचा त्रास गुंडाला कमी होतो. तो उद्या नवा पत्ता घेतो. सरळ माणूस त्याच दारात उभा राहतो.

आमच्या कॉलेजच्या सरांनी नाव काढायचा अर्ज केला. एका यादीनं सांगितलं, अर्ज सर्व्हरच्या मालकानं करावा. सर्व्हरची कंपनी म्हणाली, तिकीट टाका. तिकिटाला उत्तर आलं, वाट बघा. काही याद्यांवर तर नाव लवकर काढायचं असेल तर पैसे भरायची सोय आहे. नाव निघायला तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत किती पोरांचे होकार कचऱ्यात गेले, कुणी मोजलं नाही.

मग काय, यादीच नको?

हवी. पण आपण महाराष्ट्रात राहतो, आणि समाजानं मिळून एखाद्याला बाहेर काढायचं म्हणजे काय होतं, हे आपण पाहिलंय. जातपंचायती माणसं वाळीत टाकायच्या. लग्नाला बोलावणं नाही, दुकानात किराणा नाही, मयताला खांदा नाही. तक्रार करणारे तेच, निवाडा देणारे तेच, दंड वसूल करणारेही तेच. अंनिसच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव याविरुद्ध आवाज उठवला. २०१६ साली महाराष्ट्रानं सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला आणि ३ जुलै २०१७ला तो लागू झाला. वाळीत टाकणं आता गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा.

त्या कायद्यानं पंचांना विचारलं, की माणसाला बाहेर काढायचा अधिकार तुम्हाला दिला कुणी? मेलच्या याद्यांना निदान चार प्रश्न विचारायला काय हरकत आहे? नाव का घातलं? पुरावा काय? किती दिवसांसाठी? आणि चूक झाली असेल तर दाद कुणाकडे मागायची? ज्या यादीकडे या चारांची उत्तरं नाहीत, ती आपल्या सर्व्हरवर कुठल्याच कॉलेजनं, ऑफिसनं, कंपनीनं डोळे झाकून लावू नये.

दुसरं, यादीला निकाल देऊ नका, मार्क द्या. 'स्पॅम असॅसिन' नावाचा फुकट मिळणारा फिल्टर हेच करतो. पत्ता यादीत आहे? थोडे मार्क. विषयात नुसती उद्गारचिन्हं? थोडे मार्क. सगळं मिळून साधारण पाच मार्क झाले तरच मेल स्पॅम. म्हणजे इंटर्नल, प्रॅक्टिकल, लेखी सगळं धरून निकाल. एका विषयात कमी पडले म्हणून कुणाला वर्षभर घरी बसवत नाहीत. ताईच्या मेलमध्ये यादी सोडली तर एकही खोट नव्हती. असा फिल्टर त्या कंपनीकडे असता, तर मेल बहुधा पोचला असता.

तिसरं, कॉलेजांनी जागं व्हावं. प्लेसमेंट सेलचे फलक लावायचे आणि मेल सगळ्यात स्वस्त सर्व्हरवरून सोडायचे, हे चालणार नाही. मेल खरंच आपल्याकडूनच गेलाय हे सिद्ध करणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन सोयी आहेत. त्या डोमेनला लावायला पैसे लागत नाहीत, एक जाणकार माणूस आणि एक दुपार लागते. आपला पत्ता कुठल्या यादीत गेलाय का, हे महिन्यातून एकदा बघायला पाच मिनिटं. तुमच्या कॉलेजात हे झालंय का? उद्या जाऊन विचारा. उत्तर देताना कोण अडखळतं ते बघा.

आणि चौथं, आपलं.

एवढं तर कराच

– स्पॅम फोल्डर आठवड्यातून दोनदा उघडा. नोकरीचे, ॲडमिशनचे, स्कॉलरशिपचे दिवस असतील तर रोज. जीमेल तिथले मेल ३० दिवसांनी कायमचे पुसून टाकतं.

– चांगला मेल तिथं सापडला तर नुसता वाचून सोडू नका. 'नॉट स्पॅम' दाबा. तुमची ती साक्ष कुणाच्या तरी कामी येते.

– स्वतःच सुरू केलेले मेल नको झाले तर 'अनसबस्क्राइब' करा. रोज ५००० हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना एका क्लिकची ही सोय आता द्यावीच लागते. स्पॅमचं बटण फसवणाऱ्यांसाठी राखून ठेवा, पण तिथं मात्र नक्की दाबा.

– महत्त्वाच्या मेलला दोन दिवसांत पोच आली नाही तर सरळ फोन करा. त्यात उतावळेपणा काही नाही.

या शेवटच्या ओळीवर ताईनं मला दोनदा बजावलंय, की ही ठळक छाप. ती आता दुसरीकडे अर्ज करतेय. मेल पाठवला की तासाभरात फोन करते, 'सर, मेल मिळाला का? जंकमध्ये पण बघता का प्लीज?' समोरचे काही जण चिडतात, काही जण बघतात आणि 'अरे हो, इथं आहे' म्हणतात.

आजीला मी परवा सांगितलं, की ताईचं नाव यादीतून निघालं. तिनं विचारलं, "निघालं ते बरं झालं. पन घातलं कुनी हुतं, ते कळलं का?"

नाही कळलं, आजी. अजूनही नाही.